नस दबली, पण कुठे?

मराठी माणसाच्या अंगात ‘नस’ नावाची एकच गोष्ट असते आणि ती सगळी कामं करते. झोपेत पोटरीत गोळा आला की नस चढते. मान अवघडली की नस आखडते. सुई टोचायला नर्स नसच शोधते, हात बधिर झाला की नसच दबलेली असते आणि एखाद्याचा स्वभाव कळला की त्याची नस सापडली असं आपण म्हणतो. यातला पोटरीतला गोळा स्नायूचा, मानेची आखड बहुधा स्नायूचीच, सुई जाते ती रक्ताच्या शिरेत आणि बधिरपणा मात्र खरोखर मज्जातंतूचा. शेवटच्या नसेबद्दल वैद्यकशास्त्राला काही सांगता येत नाही.

हा घोळ एकट्या मराठीचा नाही. ज्या ग्रीक ‘न्यूरॉन’वरून आजचं न्यूरॉलॉजी निघालं, त्या शब्दाचा जुना अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असा होता. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरोफिलसने माणसाचे मृतदेह उघडून पाहिले, तेव्हा कुठे संवेदना नेणाऱ्या दोऱ्या आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या वेगळ्या झाल्या. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ५०० पेशी, ७०० सिरा आणि ९०० स्नायू मोजले आहेत. तिथली पेशी म्हणजे आपला आजचा स्नायू, तिथला स्नायू म्हणजे बांधून ठेवणारी दोरी आणि आजची पेशी म्हणजे तिसरंच काहीतरी. मृतदेह गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात घालून सात दिवस संथ पाण्यात ठेवायचा आणि मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने एकेक थर खरवडत आत जायचं, अशी पद्धतही सुश्रुताने सांगितली आहे. आज पाण्याच्या जागी मृतदेह टिकवणारं फॉर्मलिन आलंय. थर मात्र अजून तसेच, एकेक करून काढायचे असतात.

माझी भाची सध्या एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे. राहते आमच्याजवळ नौपाड्यात, कॉलेज नेरुळला, त्यामुळे रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल. सिनियरकडून विकत घेतलेला बोन सेट, म्हणजे माणसाच्या हाडांचा संच, ती पहिल्यांदा घरी घेऊन आली तेव्हा तिच्या आजीने ती पिशवी देवघरापासून जितकी लांब नेता येईल तितकी, म्हणजे गॅलरीत वॉशिंग मशीनमागे ठेवायला लावली. अजून ती तिथेच आहे. खांद्याचं हाड पाठ करायचं असलं की भाची गॅलरीत जाऊन बसते.

सुरुवातीचे काही दिवस तिला जेवताना हाताला फॉर्मलिनचा वास येत होता. आम्हालाही यायचा. मग एक दिवस वास गेला आणि ती उत्साहाने सांगू लागली की आज आम्ही नसा वेगळ्या काढल्या. हे खरं शिक्षण. पुस्तकात धमनी लाल, शीर निळी, नस पिवळी. टेबलावर सगळंच मळकट. तिथे बोटांनी ओळखावं लागतं. धमनी रबरी नळीसारखी, दाबली तरी परत गोल होते. शीर पातळ, बसकी, कधी आत काळसर गुठळी. कंडरा चंदेरी चकचकीत आणि मनगटापाशी ओढली की मेलेल्या हाताचंही बोट वाकतं. नस ओढली तर काहीच हलत नाही. ती नुसती पांढुरकी दोरी, सुतळीसारखी आत अनेक धागे असलेली. कुल्ल्यातून खाली जाणारी सायटिक नस तर जवळजवळ अंगठ्याएवढी रुंद असते. पहिल्यांदा पाहिल्यावर विश्वास बसत नाही, कारण आपण नस म्हणजे केसासारखं काहीतरी असं धरून चाललेलो असतो.

हे हात कुणाचे तरी असतात. देहदान केलेल्या माणसाचे, किंवा १९४९च्या शरीरशास्त्र कायद्यानुसार कॉलेजला मिळालेल्या बेवारस माणसाचे. आता पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांकडून मृतदेहाचा मान राखण्याची शपथ घेतात. आमच्या वेळी शपथ नव्हती, पण टेबलावर वही ठेवली तर सर ओरडायचे.

तर दिवाळीनंतर भाचीची गाडी ब्रेकियल प्लेक्ससवर अडली. मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं हे जाळं. पाच मुळं निघतात, त्यांची तीन खोडं होतात, प्रत्येक खोडाला पुढचा आणि मागचा असे दोन फाटे, सहा फाट्यांचे पुन्हा तीन दोर आणि त्यातून शेवटी पाच मोठ्या नसा. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, मिनिटाभरात काढून दाखवावं लागतं. ती म्हणाली, “मावशी, पाचाच्या पाचच करायच्या होत्या तर मध्ये एवढी उठाठेव कशाला?”

प्रश्न चोख होता. उत्तर असं की मध्ये माल बदलतो. पुढचे फाटे हात वाकवणाऱ्या, मूठ मिटणाऱ्या स्नायूंकडे जातात आणि मागचे हात सरळ करणाऱ्या, मूठ उघडणाऱ्या स्नायूंकडे. एकेका मुळात दोन्ही प्रकारचे धागे मिसळलेले असतात, ते इथे निवडून वेगळे होतात. म्हणजे हे रेल्वेचं यार्ड आहे. मानेतल्या एका मुळाचे धागे दोन-तीन नसांत विखुरतात आणि एका नसेत दोन-तीन मुळांचे धागे येतात. पाठ करणाऱ्याला हा वैताग, पण बिघाड शोधणाऱ्याला यासारखी सोय नाही.

मी तिला तिच्याच रेल्वेचा नकाशा काढून दिला. ठाण्याहून सुटलेली गाडी ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत तुर्भ्याला येते. तिथून एक फाटा सानपाड्यावरून वाशीला, दुसरा जुईनगर, नेरुळकडून पनवेलला. समज, ठाण्याची गाडी नेरुळला पोचते पण वाशीला पोचत नाही. घोटाळा कुठे? तुर्भ्याच्या पुढे, वाशीच्या फाट्यावर. दोन्हीकडे पोचत नाही पण कोपरखैरण्याला पोचते? मग तुर्भ्याच्या अलीकडे. रुळावर उतरून बघायची गरज नाही, कुठल्या स्टेशनला गाडी येते आणि कुठल्या नाही एवढं कळलं की पुरे. शिवाय वाशीला कुर्ल्याकडूनही गाड्या येतात, म्हणून ठाण्याची बंद पडली तरी वाशी ओस पडत नाही. कातडीचंही तेच. शेजारच्या मुळांचे इलाखे एकमेकांवर चढलेले असतात, त्यामुळे एकच मूळ बिघडलं तर तिथला भाग सहसा ठार बधिर होत नाही.

आणि योगायोगाने त्याच रविवारी वरच्या मजल्यावरचे काका फाइल घेऊन आले.

काका महापेला एका ऑफिसात आहेत, दिवसभर एक हात कानाशी. तीन महिने डाव्या करंगळीला मुंग्या. आधी नस बसवणाऱ्याने मान चोळून दिली. मग कुणाच्या सांगण्यावरून मानेचा एमआरआय झाला आणि त्यात डिस्क, म्हणजे मणक्यांमधली चकती, थोडी सरकल्याचं निघालं. आता ऑपरेशन करावं लागणार, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. एमआरआय खोटा नव्हता. पण पन्नाशीच्या आसपासच्या, काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या मानेत असं काहीतरी दिसतं. दिसलेली गोष्ट दोषी आहेच, हे फोटोवरून ठरत नाही.

करंगळीकडे जाणारे धागे मानेतून आठव्या मुळाने येतात. (मानेत मणके सात, नसा आठ. पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरूनच निघते म्हणून हिशेब एकाने पुढे.) तिथून ते अल्नर नसेत शिरतात, दंडाच्या आतल्या बाजूने कोपराच्या हाडामागून जातात आणि मनगटावरून हातात उतरतात. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या या नसेच्याच. तेव्हा संशयित तीन: मान, कोपर, मनगट.

मी भाचीला कापसाचा बोळा दिला. काकांनी डोळे मिटले. करंगळीला कमी कळत होतं. अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागाला कमी, दुसऱ्या अर्ध्याला अगदी व्यवस्थित. भाचीच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला कुठल्याही व्हायवात दिसलेलं नाही. अनामिकेची अशी मधोमध फाळणी मानेतल्या मुळाच्या बिघाडात सहसा होत नाही, कारण तिथे धागे अजून वाटले गेलेले नसतात. अर्धी अनामिका अल्नर नसेची, अर्धी मीडियन नसेची, ही वाटणी यार्डाच्या पुढची. शिवाय कोपराखालची आतली कातडी ठीक होती. तिची नस वरूनच वेगळी निघते, त्यामुळे बिघाड मुळात असता तर तिथेही कमी कळलं असतं. म्हणजे मान सुटली.

मग कोपर की मनगट? पंजाच्या मागच्या बाजूला, करंगळीच्या कडेला कापूस फिरवला, तिथेही कमी. तिकडे जाणारी शाखा मनगटाच्या चांगलं पाचेक सेंटिमीटर आधीच फुटते. दाब मनगटात असता तर ही शाखा वाचली असती. उरलं कोपर. कोपरामागे बोटाने टकटक केली, काका “आई गं” म्हणाले आणि करंगळी झटकली. दबलेल्या नसेवर टकटक केली की ती अशी झिणझिणते, ही टिनेलची खूण. मग ट्रेनचं जुनं तिकीट अंगठा आणि तर्जनीच्या कडेत धरायला लावून ओढलं. अंगठा हाताकडे दाबणारा स्नायू अल्नर नसेवर चालतो. तो दुबळा झाला की माणूस नकळत अंगठ्याचं टोक वाकवून तिकीट धरतो, कारण ते वाकवणारा स्नायू मीडियन नसेवर चालतो. ही फ्रोमांची खूण. टिनेल आणि फ्रोमां दोघेही फ्रेंच, दोघांच्या खुणा १९१५ च्या, पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या. काकांचा अंगठा सरळ राहिला. म्हणजे ताकद शाबूत होती.

मी नसेच्या वेगाची तपासणी करून घ्यायला सांगितलं. हातातल्या निरोगी नसेत संदेश सेकंदाला ५० मीटरच्या पुढे धावतो, म्हणजे तासाला १८० किलोमीटर. आपली लोकल जोर लावून शंभरला जाते. (सगळ्या नसा अशा नसतात. पायाचं बोट आपटलं की आधी ‘आपटलं’ एवढंच कळतं आणि आग नंतर पोचते, कारण आगीचा निरोप नेणारे बारीक धागे सेकंदाला मीटर-दोन मीटरने, म्हणजे पुलावरच्या गर्दीच्या चालीने येतात.) तपासणीत काकांची गाडी दंडात नीट धावत होती, मनगटाकडेही नीट, फक्त कोपराच्या वळणावर मंदावत होती.

कोपर दुमडलं की तिथला बोगदा आवळतो आणि नस ताणली जाते. फोन कानाशी धरून बसणं आणि हात उशीखाली दुमडून झोपणं, दोन्ही तिला जाचतं. काकांना इयरफोन घ्यायला लावले आणि रात्री कोपराभोवती टॉवेल गुंडाळायला सांगितला, म्हणजे हात दुमडायचा नाही. अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोल गेला असता किंवा बटणं लावता येत नसती, तर मी टॉवेलवर थांबले नसते. नुसता दाब असेल तर नस लवकर सावरते; धागेच तुटले तर ते दिवसाला साधारण एक मिलिमीटरने वाढतात आणि कोपरापासून पंजापर्यंत यायला वर्ष लागू शकतं. तोवर स्नायू वाट बघत वाळतात.

भाचीला आता चटक लागली होती. पित्ताशयाचा त्रास उजव्या खांद्यात का दुखतो, हेही तिने विचारलं. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोटाच्या मधला पडदा, गर्भात मानेजवळ तयार होतं आणि नंतर खाली सरकतं, पण आपली नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या मुळाचीच ठेवतं. ठाण्यात चाळीस वर्षं राहून रेशनकार्ड सावंतवाडीचं, तसं. खाली पित्ताशयाने श्वासपटल डिवचलं की तक्रार गावच्या पत्त्यावर जाते आणि मेंदूला वाटतं, खांदा दुखतोय.

तीन महिन्यांनी काका जिन्यात भेटले. मुंग्या गेल्या होत्या. म्हणाले, “तो नस बसवणारा होता ना, त्याच्याच तेलाने शेवटी गुण आला बघा. जरा उशिरा आला, एवढंच.”

भाची काहीतरी बोलणार होती. मी तिचं कोपर हळूच दाबलं.

नेमकं हाडामागे दाबलं गेलं. ती “आई गं” म्हणाली.