स्थळ-विश्लेषण (वास्तुकला शिक्षणातील)

वास्तुकलेच्या विद्यार्थ्याने स्टुडिओतील एखाद्या प्रकल्पाचा आराखडा करण्यापूर्वी, आणि तो करीत असतानाही, नियोजित जागेची जमीन, पाणी, हवामान, सभोवताल, तेथील माणसांची वहिवाट आणि तिला लागू असलेले बांधकामाचे नियम यांचा जो पद्धतशीर अभ्यास करावयाचा असतो, त्याला स्थळ-विश्लेषण असे म्हणतात. विद्यार्थ्यांच्या रोजच्या बोलण्यात ‘साइट अ‍ॅनालिसिस’ हाच शब्द रुळलेला आहे. व्यवसायातील स्थळपाहणीहून त्याचे स्वरूप वेगळे असते. तेथे भूमापकाचा नकाशा व मातीच्या चाचण्यांचा अहवाल बहुधा तयार मिळतो आणि चुकीची किंमत बांधकामाच्या खर्चात मोजावी लागते. स्टुडिओतील इमारत बांधली जाणार नसल्यामुळे विश्लेषण खरे ठरले की नाही, हे रेखाटने, प्रतिकृती आणि शिक्षकाशी होणारी चर्चा यांतूनच पडताळावे लागते.

पूर्वपीठिका : बांधण्यापूर्वी जमीन पारखण्याची रीत फार जुनी आहे, मात्र आजच्या स्थळ-विश्लेषणाचा उगम तिच्यात शोधावा की नाही, याबद्दल एकमत नाही. रोमन वास्तुविद व्हिट्रूव्हिअस (इ. स. पू. पहिले शतक) यांनी आपल्या ग्रंथाच्या पहिल्या भागात नगरासाठी आरोग्यदायी जागा कशी ओळखावी हे सांगताना, तेथे चरलेल्या जनावरांची यकृते तपासण्याच्या जुन्या प्रथेला दुजोरा दिला आहे, आणि पुढे वाऱ्याच्या आठ दिशा मांडून रस्ते वाऱ्याच्या थेट झोतात येणार नाहीत असे आखावेत असे म्हटले आहे. भारतीय परंपरेत वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त (सहावे शतक) एक हात खोल खड्डा खणून तो त्याच मातीने पुन्हा भरण्याची परीक्षा आहे, माती उरली तर जमीन उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम आणि कमी पडली तर त्याज्य. या परीक्षेला तांत्रिक आधार आहे. घट्ट, न हललेली माती खणल्यावर फुगते, म्हणून ती उरते. भरावाची किंवा पोकळ जमीन असेल तर तीच माती परत दाबली जाऊन खड्डा उणा राहतो. दिशा ठरविण्यासाठी जमिनीत शंकू (उभी काठी) रोवून त्याच्याभोवती वर्तुळ काढावयाचे, सकाळी व दुपारी सावलीचे टोक त्या वर्तुळाला जेथे शिवते ते बिंदू जोडावयाचे, ही कृती भारतीय ग्रंथांत आणि व्हिट्रूव्हिअस यांच्याकडे जवळजवळ सारखी आहे.

या व अशा साम्यांवरून अभ्यासक प्रसन्नकुमार आचार्य यांनी ‘मानसार’ हा संस्कृत वास्तुग्रंथ आणि व्हिट्रूव्हिअस यांच्यात संबंध असावा असे सुचविले आणि ‘मानसारा’चा काळ सुमारे ५०० ते ७०० असा धरला. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी हा ग्रंथ त्याहून बराच अलीकडचा मानला असून, उसनवारीचे मतही सर्वमान्य झालेले नाही. सूर्य एकच आणि काठीही एकच, तेव्हा निदान शंकूच्या कृतीतील साम्यासाठी उसनवारी गृहीत धरण्याचे कारण दिसत नाही. याहून महत्त्वाचा भेद प्रयोजनाचा आहे. या साऱ्या ग्रंथांतील भूपरीक्षा जमीन स्वीकारावी की टाकावी, हे ठरविण्यासाठी आहे. स्टुडिओत जागा नेमून दिलेली असते, ती नाकारण्याची मुभा विद्यार्थ्याला नसते, आणि त्याने शोधावयाचे असते ते तिच्यावर कसे बांधावे याचे उत्तर. या दृष्टीने पाहता आधुनिक पद्धतीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

पॅरिसच्या एकोल दे बोझार्त या संस्थेच्या स्पर्धा-पद्धतीत जागेला दुय्यम स्थान होते. विद्यार्थ्याने बंद कक्षात बसून, अनेकदा बारा तासांत, प्राथमिक रेखाटन करावयाचे आणि पुढील आठवड्यांत त्याच्याशी इमान राखून अंतिम नकाशे रंगवावयाचे, असा तेथील क्रम होता. जागेचे वर्णन कार्यक्रमपत्रिकेत (प्रकल्पाच्या गरजा सांगणाऱ्या पत्रकात) थोडक्यात येई आणि ती बहुधा सपाट व अडथळेविरहित कल्पिलेली असे. याउलट जीवशास्त्राकडून नगररचनेकडे वळलेल्या पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) यांनी योजनेपूर्वी सर्वेक्षण, हे सूत्र आग्रहाने मांडले. वैद्य आधी निदान करतो आणि मग उपचार, ही त्यांची उपमा आजही स्टुडिओत ऐकू येते, जरी ती ऐकविणाऱ्यांना तिचे मूळ क्वचितच ठाऊक असते. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या बाउहाउस या जर्मन कलाशिक्षण संस्थेत वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग १९२७ मध्ये, हानेस मायर यांच्याकडे सुरू झाला. त्यांच्या अध्यापनात ऊन, वापर व हालचाल यांच्या आकृत्यांना मोठे स्थान मिळाले आणि बर्नाऊ येथील कामगार संघटनेच्या शाळेत (१९२८–३०) विद्यार्थीही सहभागी झाले. ती इमारत उताराबरोबर टप्प्याटप्प्याने खाली उतरते.

माती, उतार, पाणी, झाडी यांचे वेगवेगळे पारदर्शक नकाशे एकावर एक ठेवून बांधण्यायोग्य भाग शोधण्याच्या पद्धतीचे श्रेय सामान्यतः भूदृश्यकार इयन मॅकहार्ग आणि त्यांच्या १९६९ च्या ग्रंथाला दिले जाते. पद्धत लोकप्रिय करण्याचे श्रेय निःसंशय त्यांचे आहे. तिचा उगम मात्र मागे न्यावा लागतो. भूदृश्यकार वॉरन मॅनिंग यांनी १९१२ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील बिलरिका या गावासाठी असे थर वापरले होते, आणि जॅकलिन टिर्व्हिट यांनी १९५० मध्ये एका पाठ्यपुस्तकात त्या कृतीचे स्पष्ट वर्णन केले होते. ट्रेसिंग कागद हाताशी असलेल्या कोणत्याही आरेखकाला ही युक्ती सुचू शकते, त्यामुळे एकच जनक शोधण्याचा खटाटोप फारसा फलदायी नाही.

कार्यपद्धती : जागेला भेट, मोजमाप, नोंदी, नकाशे आणि त्यांवरून निष्कर्ष हा सर्वसाधारण क्रम सर्वपरिचित आहे. बारकाईने पाहण्याजोगे आहेत ते उतार, ऊन आणि वारा हे तीन घटक, कारण चुका बहुतेक तेथेच होतात.

उतार समोच्चरेषांवरून, म्हणजे सारख्या उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांवरून, वाचला जातो. १:५०० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मीटरच्या फरकाने काढलेल्या रेषा एकमेकींपासून दोन सेंटिमीटर दूर असतील, तर प्रत्यक्षात दहा मीटर चालल्यावर अर्धा मीटर चढ, म्हणजे १:२० चा उतार असतो. त्याच रेषा पाच मिलिमीटरवर आल्या की उतार १:५ होतो आणि चालणाऱ्याला पायऱ्यांची गरज भासू लागते. चाकाच्या खुर्चीसाठीचा १:१२ चा उतारमार्ग १.२ मीटर पातळीभेदासाठी, मधले सपाट टप्पे वगळूनच, १४.४ मीटर लांबी खातो. हा हिशेब सुरुवातीलाच न केल्यास प्रवेशद्वाराची जागा शेवटच्या आठवड्यात बदलावी लागते, आणि हा अनुभव विरळा नाही. उतारावर इमारत बसविताना खोदाई आणि भराव यांचा मेळ घालण्याचा विचारही येथेच सुरू होतो. यासाठी तलविन्यासापेक्षा (वरून दिसणाऱ्या आराखड्यापेक्षा) छेद, म्हणजे उभा काप दाखविणारे रेखाटन, अधिक बोलका असतो, मात्र तो भूखंडाच्या हद्दीवर न थांबविता रस्त्यापलीकडील घरापर्यंत न्यावा लागतो.

माध्यान्हीच्या सूर्याची उंची अक्षांश व ऋतू यांवरून सहज काढता येते. २० अंश उत्तर अक्षांशावर डिसेंबरच्या अयनदिनी माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४६.५ अंशांवर असतो, तर जूनच्या अयनदिनी तो डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकून सुमारे ८६.५ अंशांवर येतो. म्हणजे तेथे दक्षिणेच्या भिंतीवरील ६० सेंमी छज्जाची सावली डिसेंबरच्या माध्यान्ही सुमारे ६३ सेंमी खाली पोहोचते, जूनच्या माध्यान्ही त्या भिंतीवर ऊन पडतच नाही, आणि उत्तरेकडील भिंतीला तेव्हा थोडे ऊन लागते. पश्चिमेच्या भिंतीवर असा छज्जा निरुपयोगी ठरतो, कारण तेथे सूर्य खाली उतरून समोरून येतो. तेथे उभे पडदे, झाडे किंवा जिना-भांडारासारख्या खोल्यांचा आडोसा लागतो. चुंबकसूचीने दाखविलेली उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक दुर्लक्षून काढलेले सावल्यांचे नकाशे दिसायला नीटनेटके, परंतु तितकेच तिरके असतात.

वाऱ्याच्या बाबतीत विद्यार्थी बहुधा जवळच्या हवामान केंद्राचा वातारेख (कोणत्या दिशेने किती वारा वाहतो हे दाखविणारी आकृती) उचलतात. तो मोकळ्या जागी जमिनीपासून दहा मीटर उंचीवर घेतलेल्या मोजणीवर आधारलेला असतो. शेजारी उंच इमारत असलेल्या अरुंद भूखंडावर तळमजल्याला लागणारा वारा त्याहून पूर्णपणे वेगळा असू शकतो, त्यामुळे एकाच वर्गातील सर्व तक्त्यांवर एकाच दिशेने निघालेले निळे बाण दिसले, तर ते निरीक्षणाचे फळ नसून नकलेचे आहे असे समजण्यास हरकत नाही. पाणी मात्र नकाशापेक्षा जागेवर अधिक स्पष्ट कळते. कुंपणाच्या भिंतीवरील मातीच्या रेघा, गवताचा गर्द पट्टा आणि रस्त्याच्या कडेला साचलेला गाळ हे पावसाच्या वाटेचे खुणेचे दगड होत. गंध, आवाज आणि रात्रीची वर्दळ यांची नोंद बहुतेक तक्त्यांत एका चिन्हावर भागविली जाते.

विश्लेषण आणि कल्पना : स्थळ-विश्लेषणाचा खरा वाद येथे आहे. १९६२ मध्ये लंडन येथे झालेल्या परिषदेपासून बळावलेल्या डिझाइन-पद्धती चळवळीत असे मानले जाई की, माहिती गोळा करून ती पुरेशी फोडली की उत्तर तिच्यातून आपोआप उमलते. ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९६४ च्या ग्रंथात गुजरातमधील एका खेड्याच्या १४१ गरजा मांडून, त्यांच्या परस्परसंबंधांवरून गट पाडून रचना काढून दाखविली. पुढे १९७१ मध्ये त्यांनी स्वतःच पद्धतींच्या या अभ्यासाकडे पाठ फिरविली. बिल हिलिअर आणि सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये उलट बाजू मांडली की, रचनाकार आधी तर्क करतो आणि विश्लेषण त्या तर्काची परीक्षा घेते. जेन डार्क यांनी १९७९ मध्ये ब्रिटनमधील गृहनिर्माण प्रकल्पांच्या वास्तुविदांच्या मुलाखतींतून दाखविले की, बहुतेकांनी एक साधी आरंभ-कल्पना लवकरच पकडली होती आणि समस्या त्यांना तिच्यामार्फतच उमगत गेली. ब्रायन लॉसन यांच्या प्रयोगात रंगीत ठोकळ्यांची मांडणी करताना विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आधी तिच्यामागचा न सांगितलेला नियम शोधला, तर वास्तुकलेच्या वरिष्ठ विद्यार्थ्यांनी मांडण्या करून पाहत नियमापर्यंत मजल मारली.

स्टुडिओतील प्रत्यक्ष व्यवहाराशी दुसरे मत अधिक जुळते. डोनल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये विवेचिलेल्या एका संवादात उतारावरील शाळेची रचना करणारी विद्यार्थिनी अडून बसलेली आहे; सहा छोट्या वर्गखोल्या जोडून तिने तीन ‘एल’ आकार केले आहेत, पण इमारतीचा आकार त्या जमिनीत नीट बसत नाही. जागा वेडीवाकडी असल्यामुळे आधी एखादी शिस्त, मग ती मनाने ठरविलेली का असेना, लादून पाहावी, नंतर ती मोडता येते, असे शिक्षक तिला सांगतात, आणि बोलता बोलता तिच्या रेखाटनावर स्वतः रेघा ओढू लागतात. उतार तिला आधीच ठाऊक होता. त्याचे महत्त्व कळले ते वर्गखोल्या त्याच्यावर ठेवून पाहिल्यावर. या कारणानेच अनेक शिक्षक पहिल्या भेटीनंतर लगेच, विश्लेषणाचे तक्ते पूर्ण होण्याआधी, नकाशावर ट्रेसिंग टाकून दोन-तीन मांडण्या करून आणावयास सांगतात, आणि त्या मांडण्यांनी उभे केलेले प्रश्न घेऊन विद्यार्थ्याला पुन्हा जागेवर पाठवितात. दुसऱ्या भेटीत तो कमी गोष्टी पाहतो, पण त्या नेमक्या असतात.

परीक्षण : ज्यूरीपुढे (परीक्षक मंडळापुढे) स्थळ-विश्लेषणाचा तक्ता सहसा पहिला लावला जातो आणि सर्वांत कमी वेळ त्यालाच मिळतो. दोष दोन प्रकारचे आढळतात. पहिल्यात माहिती भरपूर असते, परंतु रचनेतील एकही निर्णय तिच्याशी जोडता येत नाही. दुसऱ्यात रचना आधी ठरवून तिला साजेशी माहिती मागाहून वेचलेली असते. दुसरा दोष गंभीर मानण्याची प्रथा आहे, तथापि वर सांगितलेल्या संशोधनाच्या प्रकाशात पहिला अधिक चिंताजनक वाटतो, कारण मागाहून वेचलेली माहिती निदान रचनेच्या विरुद्ध जाऊन ती बदलण्यास भाग पाडू शकते. सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडावयाची जागा), चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या मानाने किती बांधकाम करता येते त्याचे प्रमाण) आणि उंचीच्या मर्यादा यांची तपासणी यांत्रिक असून ती कोठेही फारशी वादग्रस्त नसते.

संगणकीय साधने : उपग्रहचित्रे आणि अंकीय उंची-नकाशे यांमुळे प्रत्यक्ष भेटीपूर्वीच जागेचा बराच अंदाज येतो. त्यांची मर्यादा त्यांच्या सूक्ष्मतेत आहे. फेब्रुवारी २००० मधील अंतराळयान-मोहिमेतून मिळालेली, सर्वत्र वापरली जाणारी उंचीची माहिती सुमारे ३० मीटर बाजूच्या चौकटींत दिलेली असते, म्हणजे २,००० चौ. मी. च्या भूखंडावर अशा जेमतेम दोन चौकटी बसतात. त्यांवरून संगणकाने काढलेल्या सुबक समोच्चरेषा मधल्या जागा अंदाजाने भरून आलेल्या असतात, आणि एखादा बांध, चर किंवा भरावाची कड त्यांत उमटत नाही. लहान भूखंडासाठी म्हणूनच पाणी भरलेली पारदर्शक नळी दोघांनी दोन टोकांना धरून, नळीतील पाण्याच्या रेषेवरून पट्टीने मोजलेली पातळी अजूनही अधिक भरवशाची ठरते.