कॉलेजच्या खेळांवरचा सट्टा: अमेरिकेत बंदी का टिकली नाही?

1950 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने बास्केटबॉलच्या एनआयटी आणि एनसीएए या कॉलेज संघांच्या दोन्ही मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा एकाच मोसमात जिंकल्या. वर्षभरात त्याच संघातल्या मुलांना अटक झाली. गंमत म्हणून नव्हे, सट्टेबाजांकडून पैसे घेऊन त्यांनी सामने फिरवले होते, आणि त्यासाठी हरायचीही गरज नव्हती. सट्टा लागायचा गुणांच्या फरकावर. संघ दहा गुणांनी जिंकणार असा भाव फुटला असेल, तर मुलांनी सहाच गुणांनी जिंकायचं: एखादा पास जरा लांब, एखादा बचाव जरा सैल. सामनाही जिंकला, पैसेही मिळाले. प्रेक्षकाला पत्ता नाही. तपासात सात कॉलेजं आणि 32 खेळाडू अडकले.

1964 मध्ये खेळातली लाचखोरी केंद्रीय गुन्हा ठरली, पण सट्टा चालूच राहिला. 1985 मध्ये टुलेन विद्यापीठात पुन्हा तेच घडलं. तिथे तर बास्केटबॉलच काही वर्षं बंद ठेवलं.

मग आला 1992 चा ‘पास्पा’ कायदा. त्यामागे होते एकेकाळचे नामांकित बास्केटबॉलपटू, सिनेटर बिल ब्रॅडली. राज्यांनी खेळांवरच्या सट्ट्याला नव्याने परवानगी देऊ नये, एवढंच त्यात होतं. जिथे तो आधीपासून चालत होता त्या राज्यांना सूट मिळाली, आणि नेवाडाला सगळ्यात मोठी. माझ्या मते कायद्याचा पाया तिथेच कच्चा राहिला. त्या नेवाडातही स्वतःच्या राज्यातल्या कॉलेज संघांवर पैसे लावायला 2001 पर्यंत मनाई होती. धोका घरच्या मुलांना असतो हे कॅसिनोवाल्यांच्या राज्याला पक्कं ठाऊक होतं. बाहेरच्यांची मुलं मात्र चालत होती!

1999 मध्ये राष्ट्रीय जुगार अभ्यास आयोगाने कॉलेज आणि हौशी खेळांवरचा सट्टा सरसकट बंद करा, अशी शिफारस केली. सिनेटर ब्राउनबॅक आणि लेही यांनी 2000 मध्ये तसं विधेयक आणलं, नंतर सिनेटर मॅकेननीही जोर लावला. नेवाडाच्या खासदारांनी आणि कॅसिनो उद्योगाने कडाडून विरोध केला आणि विधेयक बारगळलं.

14 मे 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने पास्पाच रद्द केला. राज्यांना असा हुकूम देण्याचा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, अधिकार नाही, हे त्याचं कारण. त्यानंतर एकामागून एक राज्यांनी दारं उघडली. आता सट्टा एकट्या खेळाडूच्या गुणांवर, रिबाउंडवरही (हुकलेला फटका पकडण्यावरही) लागतो, आणि पैसे बुडालेली माणसं वसतिगृहातल्या पोरांना मोबाईलवर शिव्या, धमक्या पाठवतात. निदान कॉलेजच्या एकेका खेळाडूवरचा सट्टा तरी थांबवा, असं एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी 2024 मध्ये राज्यांना सांगितलं. ओहायो, मेरीलँड, लुइझियाना यांनी त्याच वर्षी असे सट्टे बंद केले.