चोरलेला पेपर आणि दोनदा छापलेला पेपर

दुसऱ्याचा मजकूर, आकडे किंवा कल्पना श्रेय न देता आपल्या नावावर खपवणं म्हणजे वाङ्मयचौर्य. आपलाच छापून आलेला पेपर थोडा फिरवून, कुणाला न सांगता दुसऱ्या जर्नलमध्ये छापून आणणं म्हणजे दुबार प्रकाशन. या दुसऱ्या प्रकाराला सर्रास 'सेल्फ-प्लेजिअरिझम' म्हणतात आणि तिथेच घोळ होतो. स्वतःच्याच घरात कसली चोरी, असं म्हणत लेखक मोकळे होतात. माझ्या मते रुग्णाला महागात पडतो तो बहुतेक वेळा हाच प्रकार.

मजकूर चोरला तर अन्याय होतो मूळ लेखकावर. पेपर दोनदा छापला तर तोच रुग्ण दोनदा मोजला जातो. शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांवर देतात त्या ऑन्डान्सेट्रॉनचंच पाहा. मार्टिन ट्रामेर आणि सहकाऱ्यांनी या औषधाच्या चाचण्या तपासून १९९७ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडले: १७ टक्के निबंध आणि २८ टक्के रुग्णांची माहिती दुबार होती, आणि आधीच्या पेपरचा उल्लेख गायब. पुन्हा छापले गेले होते ते प्रामुख्याने औषध जास्त गुणकारी दाखवणारे निकाल. त्यामुळे सगळं धरून चाचण्यांचा एकत्रित हिशोब, म्हणजे मेटा-अ‍ॅनालिसिस केलं की औषधाचा गुण २३ टक्क्यांनी फुगत होता. यात कुणीही कुणाचं एक वाक्यसुद्धा चोरलेलं नसू शकतं!

पकडायची रीतही वेगळी. चोरीसाठी आयथेंटिकेटसारखं सॉफ्टवेअर असतं, पण ते फक्त जुळणारा मजकूर दाखवतं. संदर्भसूची आणि पद्धतीच्या ठरावीक वाक्यांमुळे जुळणाऱ्या मजकुराचा टक्का सहज चढतो. उलट चर्चेच्या भागातला एकच सलग परिच्छेद उचललेला असेल तर टक्का कमी राहूनही ती चोरीच. सॉफ्टवेअर चुकवायला शब्द फिरवणारे तर भलतेच धाडसी: 'ब्रेस्ट कॅन्सर'च्या जागी 'बुझम पेरिल' (छातीचं संकट) छापून आलेलं आहे. दुबार पेपरमध्ये मात्र भाषा नवी असू शकते, म्हणून पाहायचा तो तक्ता क्रमांक १, म्हणजे रुग्णांची मूळ माहिती देणारा. रुग्णसंख्या, सरासरी वय, वजन, प्रमाण विचलन दशांशापर्यंत जुळलं की चाचणीचा नोंदणी क्रमांक ताडून पाहायचा.

संशय आला म्हणून लगेच बोभाटा करायचा नसतो. 'कोप' या संपादकांच्या संस्थेची रीत अशी की आधी पुरावा दाखवून लेखकाला विचारायचं, उत्तर पटलं नाही तर त्याच्या संस्थेला कळवायचं. किरकोळ असेल तर दुरुस्ती, मोठं असेल तर रिट्रॅक्शन, म्हणजे पेपर मागे घेणं. दुबार प्रकरणात निष्कर्ष खरे असतील तर पहिला पेपर सहसा राहतो, नंतरचा मागे घेतला जातो.

परिषदेतला गोषवारा, प्रबंध किंवा प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधी ऑनलाइन टाकलेला मसुदा) आधी आला असेल तर बहुतेक जर्नल त्याला दुबार धरत नाहीत, फक्त तो लपवायचा नाही. दोन्ही संपादकांच्या संमतीने आणि मूळ पेपरचा ठळक उल्लेख करून दुसऱ्या भाषेतही छापता येतं. त्याच रुग्णांवरचा आणखी एखादा पेपर आला असेल, किंवा दुसरीकडे विचाराधीन असेल, तर कव्हर लेटरमध्ये तसं लिहून त्याची प्रत सोबत जोडावी. दुबार की नाही, ते संपादक ठरवतील.