कुत्र्याचं नर पिल्लू वयात येताना काय काय बदलतं

आपल्या जळगाव-धुळ्याकडे मळ्यावर राखणीला नर पिल्लूच लागतं सगळ्यांना, आणि ते सहा महिन्यांचं झालं की लोक नको त्या गोष्टीला घाबरतात अन् जे बघायला पाहिजे ते बघत नाहीत.

घाबरतात कशाला, तर गाठींना. पिल्लू खेळता खेळता एक्साइट झालं की लिंगाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना कातडीखाली गोल फुगवटे दिसतात, घरच्यांना वाटतं ट्यूमर झाला. तो बल्बस ग्लँडिस, लिंगाचाच नैसर्गिक भाग भो, रक्त भरलं की फुगतो, कुत्रं शांत झालं की बसतो. टोकाशी थोडा पिवळसर स्रावही कॉमन आहे. रक्त आलं, किंवा लिंग बाहेर येऊन आत जातच नसलं, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, वाढलं की मान भरते, डोकं रुंद होतं, पाय वर करून जागोजागी मुतणं सुरू होतं. पण शरीर सगळं एकाच वेळी तयार होत नाही. सात-आठ महिन्यांचं पिल्लू बाप होऊ शकतं, अन् हाडं अजून कच्चीच असतात, कारण लांब हाडांच्या टोकाशी ग्रोथ प्लेट नावाची मऊ कूर्चा असते, ती लहान जातीत वर्षाच्या आतबाहेर आणि मोठ्या जातीत पार दीड वर्षापर्यंत उघडी राहते. तोवर त्याला मोटरसायकलीमागे पळवू नका, प्लीज. ग्रोथ प्लेट बंद व्हायला सेक्स हार्मोन्स लागतात, म्हणून फार लवकर नसबंदी केली, म्हणजे वृषण काढले, तर पायाची हाडं जास्त लांब वाढतात, आणि लॅब्राडोर, जर्मन शेफर्डमध्ये सांध्याचा त्रासही जास्त दिसलाय. टायमिंग जातीप्रमाणे डॉक्टरला विचारून ठरवा.

आता बघायला पाहिजे ते. वृषण आधी पोटात असतात, साधारण दोन महिन्यांपर्यंत खाली पिशवीत उतरतात. सहा महिन्यांनंतरही हाताला एकच लागलं तर दुसरं बहुतेक पोटात किंवा जांघेत अडकलंय. तिथल्या उष्णतेत त्यात शुक्राणू बनत नाहीत आणि पुढे कॅन्सरचा धोका कितीतरी पट वाढतो. उतरलेलं एक चालू असतं म्हणून पिल्लं होतात, आणि लोक तेवढ्यावर खुशाल ब्रीडिंग करतात, पण हा दोष आनुवंशिक आहे, पुढच्या पिल्लांतही उतरतो. अशा कुत्र्याची नसबंदी करताना अडकलेलं वृषणसुद्धा काढायचं, नुसतं खालचं काढून भागत नाही.