किल्लीविना पेटणारा लाल दिवा

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या शहापूर भागातील आमच्या गल्लीत आमची गाडी हा चर्चेचा विषय झाला होता. अठरा वर्षे वापरात असलेल्या या पेट्रोल गाडीची किल्ली काढून दारे लावली, तरी रात्री तिच्या डॅशबोर्डवर बॅटरीचे चित्र असलेला लाल दिवा राखेखालच्या निखाऱ्यासारखा मंद पेटलेला दिसे. दिवसाच्या उजेडात तो आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नव्हता; भाडेकरूंच्या मुलाने काचेला नाक लावून पाहिले तेव्हा तो सापडला. सकाळी गाडी सुरू होत नव्हतीच. समोरच्या आजींनी शनिवारी स्वतःच्या हाताने लिंबू-मिरची बांधली आणि एका परिचिताने तिसऱ्यांदा बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला. यापूर्वी दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झालेल्या असल्यामुळे माझ्या मते हे दोन्ही उपाय सारख्याच योग्यतेचे होते.

उद्यमबागेकडे काम करणाऱ्या एका जुन्या ऑटो-इलेक्ट्रिशियन मेस्त्रींना मी बोलावले, तेव्हा त्यांनी मीटर बाहेरदेखील काढला नाही. बॉनेट उघडून त्यांनी अल्टरनेटरवर, म्हणजे इंजिन पट्ट्याने फिरवते त्या वीज बनवणाऱ्या यंत्रावर, तळहात ठेवला आणि म्हणाले, "सर, हात लावून बघा की. गाडी रात्रभर उभी हाय, मग ह्ये कोमट कसं?" नंतर त्यांनी दहा नंबरचा पाना अल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ नेला आणि तो टक्कन चिकटला. इंजिन बंद होते आणि किल्ली माझ्या खिशात होती, तरीही त्या यंत्राच्या पोटात एक विद्युतचुंबक रात्रभर जागा राहिला होता. त्या चिकटलेल्या पान्याचे आणि मंद दिव्याचे कारण एकच आहे.

सायकलच्या चाकाला घासून फिरणारा डायनामो ज्यांनी वापरला आहे, त्यांना आठवत असेल की चढावर पाय जड झाले की दिवा मंदावत असे आणि उतारावर तो भगभगत असे. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलला की तारेत विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये दाखवले; हा दाब चुंबकाच्या ताकदीवर आणि तो किती वेगाने हलतो यावर अवलंबून असतो. सायकलच्या डायनामोतील चुंबक कायमस्वरूपी असल्याने त्याची ताकद बदलता येत नाही, म्हणून वेग बदलला की प्रकाश बदलतो. मोटारीत हाच प्रश्न अधिक बिकट होतो. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेते आणि जोरात पळताना ६००० पर्यंत जाते. अल्टरनेटरची पुली लहान असल्यामुळे तो त्याच्याही दोन-अडीच पट वेगाने, म्हणजे मिनिटाला सुमारे २००० पासून १५००० फेऱ्यांपर्यंत फिरतो. बॅटरीला मात्र सदासर्वदा १३.८ ते १४.५ व्होल्ट एवढाच दाब हवा असतो. त्याहून कमी मिळाला तर ती उपाशी राहते आणि जास्त मिळाला तर तिच्यातील पाणी उकळी फुटल्यासारखे बुडबुड्यांवाटे निघून जाते.

यावर शोधलेला उपाय मला अतिशय सुंदर वाटतो. फिरणाऱ्या भागात, म्हणजे रोटरमध्ये, कायमचा चुंबक न बसवता तांब्याच्या तारेचे एक वेटोळे ठेवायचे, आणि दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवावीत तशा लोखंडाच्या नखांच्या दोन चकत्या त्याच्या दोन्ही बाजूंनी बसवायच्या. वेटोळ्यातून प्रवाह सोडला की एका चकतीची नखे उत्तर ध्रुव होतात आणि दुसरीची दक्षिण. बहुतेक गाड्यांत अशा सहा जोड्या असतात. हा प्रवाह गुळगुळीत तांब्याच्या दोन कड्यांवर टेकलेल्या, मेस्त्री ज्यांना नुसते 'कार्बन' म्हणतात त्या ठोकळ्यांमधून आत जातो आणि तो फार तर तीन-चार अँपिअर असतो. रेग्युलेटर नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक भाग बॅटरीचा दाब सतत पाहत असतो आणि हा प्रवाह सेकंदाला कित्येक वेळा चालू-बंद करतो. वेटोळ्यातील प्रवाह एकदम वाढू किंवा घटू शकत नाही, त्यामुळे या उघडझापीचा परिणाम नळाची चावी थोडी कमी-जास्त फिरवावी तसा होतो. वेग वाढला की चुंबक दुबळा केला जातो आणि हेडलाइट व वायपर लावले की तो बळकट केला जातो. अशा रीतीने तीन अँपिअरवर ताबा ठेवून साठ-सत्तर अँपिअरचा पुरवठा सांभाळला जातो. ही वीज अर्थात फुकट मिळत नाही. उभ्या गाडीत रात्री हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावून पाहा. इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसतो, कारण बळकट झालेला चुंबक फिरवायला पट्ट्याला अधिक जोर लावावा लागतो.

चाणाक्ष वाचक येथे अडेल. चुंबक तयार होण्यासाठी वीज हवी आणि वीज तयार होण्यासाठी चुंबक हवा, तर मग सुरुवात कोठून व्हायची? जुन्या गाड्यांमध्ये ती डॅशबोर्डवरच्या त्या लाल दिव्यातून होते. दिव्याचे एक टोक किल्लीच्या स्विचमार्गे बॅटरीला जोडलेले असते आणि दुसरे टोक रोटरच्या वेटोळ्याला. किल्ली फिरवली की दिव्यातून अल्पसा प्रवाह रोटरमध्ये जातो, दिवा पेटतो आणि चुंबकत्वाचे विरजण लागते. इंजिन सुरू होऊन अल्टरनेटर स्वतःची वीज रोटरला पुरवू लागला की दिव्याच्या दोन्ही टोकांवरचा दाब सारखा होतो आणि दोन समपातळीच्या तळ्यांमधील पाटात पाणी वाहत नाही तसा दिव्यातील प्रवाह थांबतो. म्हणजे हा दिवा विझतो तो कोणी स्विच बंद केल्यामुळे नव्हे, तर दोन्ही बाजूंचे पारडे समान झाल्यामुळे.

आता स्टेटर. रोटरभोवतीच्या स्थिर वेटोळ्यांचे तीन संच असतात आणि त्यांत उलटसुलट वाहणारी, म्हणजे प्रत्यावर्ती, वीज तयार होते. मिनिटाला २००० फेरे आणि सहा जोड्या धरल्या तर तिची वारंवारता सेकंदाला २०० होते, घरच्या विजेच्या चौपट. बॅटरीला एकाच दिशेची वीज लागते, म्हणून सहा डायोड बसवलेले असतात. डायोड म्हणजे प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. तिन्ही संचांच्या लाटांचे दोन्ही अर्ध मिळून सेकंदाला १२०० बारीक उंचवटे असलेला, जवळपास सपाट प्रवाह बाहेर पडतो. अनेक जुन्या रचनांत रोटरला वीज देण्यासाठी आणखी तीन लहान डायोड असतात. (वेग वाढला की निर्माण होणारा दाब वाढतो, पण वारंवारता वाढल्यामुळे स्टेटरच्या वेटोळ्यांचा अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो, म्हणून अल्टरनेटरचा कमाल प्रवाह आपोआपच मर्यादित राहतो. हे वाक्य ओलांडून पुढे गेलात तरी चालेल. मला ते गाळवले नाही.)

आमच्या गाडीत धन बाजूच्या तीन मोठ्या डायोडपैकी एक डायोड आधी झिरपू लागला आणि अखेर आरपार गेला. झडपेचे नुसते भोक झाले. त्यामुळे गाडी उभी असताना बॅटरीची वीज त्या भोकातून उलट स्टेटरमध्ये शिरली, तेथून लहान डायोडमधून रोटरकडे गेली आणि रात्रभर चुंबक पेटता ठेवत राहिली. तीन अँपिअरच्या हिशोबाने दहा तासांत ३० अँपिअर-तास होतात आणि छोट्या गाडीच्या बॅटरीची सारी पुंजी सुमारे ३५ अँपिअर-तासांची असते. रोटरपाशी दाब आहे आणि किल्ली बंद असल्यामुळे दिव्याच्या दुसऱ्या टोकाला तो नाही, म्हणून पारडे उलट झुकले आणि दिव्यातून नेहमीच्या विरुद्ध दिशेने प्रवाह वाहू लागला. दिव्याला दिशेशी देणेघेणे नसते, तो पेटला. लिंबाची त्यात चूक नव्हती, पण त्याचा उपयोगही नव्हता. इंजिन सुरू करण्यासाठी बनवलेली बॅटरी अशी वारंवार तळापर्यंत रिकामी झाली की तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण सल्फेट साचते आणि ती खरोखरच मरते, म्हणून दर वेळी दोषी तीच वाटत राहिली.

येथे एका घातक परीक्षेबद्दल सांगितले पाहिजे, कारण ती आजही खानापुरापासून निपाणीपर्यंत सर्रास केली जाते. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची आणि इंजिन चालत राहिले तर 'डायनामो' चांगला म्हणायचे, अशी ही परीक्षा आहे. डायोडऐवजी घासणाऱ्या संपर्कांनीच एका दिशेची वीज देणारा खराखुरा डायनामो जुन्या गाड्यांत होता, तेव्हा ती खपून जात असे. स्वस्त सिलिकॉन डायोड मिळू लागल्यावर १९६० पासून क्रायस्लरने अल्टरनेटर रूढ केला आणि पुढे तो सगळीकडे आला, पण गॅरेजमध्ये नाव आणि सवय दोन्ही मागे राहिली. बॅटरी हा दाबाचे धक्के गिळणारा मोठा हौद असतो. तो अचानक काढला तर रोटरचे चुंबकत्व ओसरेपर्यंतच्या क्षणात कित्येक दहा व्होल्टांचा फटका बसून रेग्युलेटरपासून इंजिनाच्या संगणकापर्यंत काहीही जळू शकते. खरी परीक्षा मीटरने दोन मिनिटांत होते. इंजिन चालू ठेवून हेडलाइट आणि ब्लोअर लावावेत आणि बॅटरीवर १३.५ व्होल्टांच्या वर दाब टिकतो का ते पाहावे. नंतर मीटर प्रत्यावर्ती दाबावर ठेवावा, तेथे अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसले तर डायोडचा संशय घ्यावा. आमच्याकडे काहीही न लावता १३.४ दिसत होते, म्हणूनच आधीच्या दोन्ही वेळी अल्टरनेटर निर्दोष सुटला. दिवे लावताच काटा १२.४ वर आला. लायटरच्या खाचेत खोचण्याचे 'चार्जिंग सुधारणारे' यंत्रही मला मध्यंतरी कोणीतरी दिले होते. ते उघडून पाहिले तेव्हा आत एक छोटा कपॅसिटर आणि एक निळा दिवा यांखेरीज काही नव्हते.

नुसती डायोड-प्लेट बदलून भागले असते, परंतु आरपार गेलेल्या डायोडमुळे एका संचातून वेळोवेळी अफाट प्रवाह फिरून स्टेटरची तार काळी पडली होती आणि कार्बनही घासून संपत आले होते, म्हणून तेवढ्याच अँपिअरचा आणि तशाच पुलीचा दुसरा अल्टरनेटर बसवायचे ठरले. मेस्त्रींनी प्रथम बॅटरीची ऋण तार सोडली, कारण धन तारेच्या नटावरचा पाना चुकून गाडीच्या सांगाड्याला टेकला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते. पट्टा सैल करणे, दोन बोल्ट आणि दोन जोडण्या काढणे, हे काम पाऊण तासाचे होते. पट्टा ताणताना अंगठ्याने दाबून तो सुमारे एक सेंटिमीटर दबेल एवढाच ठेवला. अधिक ताणला तर बेअरिंग जाते आणि सैल राहिला तर पावसात घसरून किंचाळतो. रिकामी बॅटरी आधी चार्जरवर भरून घेतली, कारण तळ गाठलेली बॅटरी भरण्याचे काम नव्या अल्टरनेटरवर टाकले तर तो पहिल्याच दिवशी तासन्तास पूर्ण भाराने तापतो. सगळे दिवे लावून मीटरने १४.१ दाखवले.

जुन्या अल्टरनेटरची डायोड-प्लेट मेस्त्रींनी टेबलावर ठेवली आणि मीटरच्या टोकांनी एकेक डायोड तपासला. पाच डायोडवर आकडा एका बाजूने येई आणि टोके उलटी केली की नाहीसा होई. धन बाजूच्या मधल्या डायोडवर मात्र मीटर दोन्ही बाजूंनी वाजला.