फॅटची गोष्ट: जुन्या डॉसपासून लपवलेली लांब नावं

ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात आलं, तेव्हा त्यात फाइलला २५५ अक्षरांपर्यंत नाव देता येत होतं. अडचण एकच होती. जगभरातल्या फ्लॉपी आणि हार्ड डिस्क आठ अधिक तीन (नावाची आठ, टिंबानंतरची तीन) अक्षरांच्या नावांवर चालत होत्या आणि त्या वाचणारी जुनी प्रणाली, एमएस-डॉस, एका रात्रीत नाहीशी होणार नव्हती. तीच फ्लॉपी सकाळी ऑफिसातल्या डॉसवर आणि संध्याकाळी घरच्या विंडोज ९५ वर चालायला हवी होती.

या डिस्कांवरची फाइल सिस्टिम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे ते नोंदवण्याची पद्धत, तीच फॅट. तिचं पहिलं रूप १९७७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मार्क मॅकडॉनल्ड यांनी डिस्कवरच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेसाठी लिहिलं. पुढे टिम पॅटरसन यांनी ती कल्पना आपल्या ८६-डॉस या प्रणालीत घेतली आणि त्याच ८६-डॉसमधून आयबीएम पीसीसाठीचं १९८१ चं पीसी-डॉस निघालं. त्यात फोल्डर नव्हतेच, ते १९८३ च्या २.० आवृत्तीत आले. नावाची ८+३ ही चौकट त्याआधीच्या सीपी/एम या प्रणालीकडून आलेली. हार्ड डिस्क वाढत गेल्या तशा मर्यादाही नडू लागल्या. १९८४ मध्ये फॅट१६ आलं, पण सेक्टरची (डिस्कच्या छोट्या ठरावीक तुकड्यांची) संख्या १६ बिटांत मोजली जात असल्यामुळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, ३२ एमबीवर अडत असे.

लांब नावांसाठी शोधलेला जुगाड मला या साऱ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. फॅटच्या फोल्डरमध्ये प्रत्येक फाइलची ३२ बाइटची एक नोंद असते. त्यात नाव, आकार, तारीख आणि 'फक्त वाचण्यासाठी', 'लपवलेली', 'सिस्टिमची', 'डिस्कचं लेबल' अशा खुणा असतात. विंडोज ९५ नं लांब नावाचे तुकडे अशाच जास्तीच्या नोंदींत भरले आणि त्यांवर या चारही खुणा एकदम लावल्या. खऱ्या फाइलवर हे चौघं कधीच एकत्र येत नाहीत, त्यामुळे डॉस त्या नोंदींकडे न बघता पुढे जाई. त्याला दिसे ते फक्त सहा अक्षरांवर तोडलेलं, शेपटीला नागमोडी खूण आणि १ लावलेलं छोटं नाव.

एका नोंदीत १३ अक्षरं मावतात, तीही युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना आकडे देणाऱ्या पद्धतीत. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरी आली तेव्हा मराठी नावांना हीच जागा उपयोगी पडली. फक्त काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. 'निमंत्रणपत्रिका' हा सात अक्षरी शब्द युनिकोडच्या हिशोबात १५ भरतो, म्हणजे एका नोंदीत मावत नाही.

पण 'दिसत नाही' आणि 'धक्का लागत नाही' यांत फरक आहे. डॉसवरून फाइलचं नाव बदललं की लांब नावाचे तुकडे अनाथ होत. म्हणून प्रत्येक तुकड्यात छोट्या नावाचा चेकसम (त्या नावावरून काढलेला पडताळणीचा आकडा) ठेवलेला असे आणि तो जुळला नाही तर विंडोज लांब नाव सोडून देई. डिस्क दुरुस्त करणारे जुने प्रोग्राम याहून धोकादायक होते, कारण ते थेट डिस्कवर लिहीत. विंडोज ९५ त्यांना आधीच अडवत असे. तसं लिहायचंच असेल तर आधी 'लॉक' ही कमांड द्यावी लागे.

मोठ्या डिस्कांसाठीच्या फॅट३२ या पुढच्या रूपाला अशी लपवाछपवी जमण्यासारखी नव्हती. १९९६ मध्ये ते आलं, पण जुन्या डॉसला आणि विंडोज एनटी ४ ला ते वाचता येत नव्हतं. पार्टिशनचा प्रकार दाखवणारा आकडाच वेगळा असल्यामुळे डॉसला तो ड्राइव्ह दिसतच नसे, आणि हेच बरं. जे कळत नाही त्याची मोडतोड जुन्या प्रणालीकडून होऊ नये, ही सुसंगततेची खरी कसोटी. लिनक्स या मुक्त प्रणालीच्या एक्स्ट कुळातल्या फाइल सिस्टिमांनी हीच गोष्ट नियमात बसवली. तिथे नव्या सोयींचे तीन गट असतात. पहिल्यातली सोय जुन्या कर्नेलला (लिनक्सच्या गाभ्याला) कळली नाही तरी चालतं, दुसऱ्यातली कळली नाही तर त्यानं फक्त वाचायचं, आणि तिसऱ्यातली कळली नाही तर डिस्क जोडायचीच नाही.

फॅट३२ मध्ये फाइलचा आकार ३२ बिटांत लिहिलेला असल्यामुळे ४ जीबीपुढे फाइल जातच नाही. त्यावर उपाय म्हणून २००६ मध्ये एक्सफॅट आलं. ही नवीच रचना होती, जुन्याशी जुळवून घेण्याचा प्रयत्न जवळजवळ सोडलेला. २००९ मध्ये ३२ जीबीवरच्या एसडी कार्डांसाठी तीच प्रमाण ठरली. यानंतरचा अडथळा मात्र कोडचा नव्हता, पेटंटचा होता. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं लिनक्सवर चालणारी रस्ता दाखवणारी उपकरणं बनवणाऱ्या टॉमटॉम कंपनीवर जो खटला भरला, त्यात लांब नावांच्या त्या जुगाडाचंच पेटंट होतं. महिन्याभरात तडजोड झाली, पण लिनक्सवाल्यांना धडकी भरली. प्रोग्रामर अँड्र्यू ट्रिजेल यांनी तर लांब आणि छोटं नाव एकत्र तयारच होणार नाही असा पॅच (कोडमधला बदल) लिहिला. ज्या जोडीमुळे जुन्या-नव्याचं जमलं, तीच टाळायची वेळ आली!

ऑगस्ट २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सफॅटचे तांत्रिक तपशील जाहीर करून लिनक्समधल्या समावेशाला पाठिंबा दिला. त्याच वर्षीच्या ५.४ कर्नेलमध्ये एक्सफॅट वाचणारा तात्पुरता ड्रायव्हर आला आणि २०२० च्या ५.७ मध्ये त्याची जागा सॅमसंगच्या ड्रायव्हरनं घेतली.