फुफ्फुसांचा आवाज संगणकापर्यंत कसा पोहोचला?

१८१६मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात रेने लाएनेक यांनी कागदाची घट्ट सुरळी एका तरुणीच्या छातीला लावली. पुढे तिची लाकडी नळी झाली, तोच पहिला स्टेथोस्कोप. पण लाएनेक यांचं खरं मोठं काम त्यापुढचं. जिवंतपणी ऐकलेला आवाज ते शवविच्छेदनात दिसलेल्या फुफ्फुसाशी ताडून पाहत. १८१९च्या त्यांच्या ग्रंथाचा पाया हाच पडताळा होता.

त्यानंतर दीडशे वर्षं हे ज्ञान डॉक्टरांच्या कानातच राहिलं. एकाला ऐकू आलेली करकर दुसऱ्याला ऐकू येईलच, याची खात्री नसे. १९६७मध्ये ब्रिटिश डॉक्टर पॉल फोर्गाक्स यांनी या आवाजांमागचं कारण मांडलं: मिटलेल्या बारीक श्वासनलिका अचानक उघडल्या की करकर होते, अरुंद झालेल्या नलिकांच्या भिंती कंप पावल्या की शिट्टीसारखी घरघर. आवाजाला भौतिक कारण आहे म्हटल्यावर तो मोजताही येणार होता. १९७७मध्ये अमेरिकेत रेमंड मर्फी आणि सहकाऱ्यांनी ध्वनिलहरी वेळेच्या अक्षावर ताणून छापल्या. नेहमीच्या आलेखात हरवणारी, २० मिलिसेकंदांहूनही छोटी करकर तिथे डोळ्यांना दिसू लागली. आवाजावरून आजार ओळखण्याचं जे काम संगणकाने आज चालवलंय, त्याची सुरुवात मला इथे दिसते.

मोजणी पुढे गेली, नमुने मात्र तोकडेच राहिले. २०१७मध्ये पोर्तुगाल आणि ग्रीसमधल्या गटांनी १२६ जणांची ९२० ध्वनिमुद्रणं संशोधकांना खुली केली. त्यांत तज्ज्ञांनी एकेक श्वास ऐकून खुणा केलेल्या आहेत. हे कष्टाचं, अतिशय मोलाचं काम आहे आणि आज जगभर त्यावर प्रयोग होतात. पण ९२०पैकी ७९३ मुद्रणं सीओपीडीच्या (श्वासमार्ग अरुंद होत जाणाऱ्या दीर्घ आजाराच्या) रुग्णांची आहेत, दम्याचं अवघं एक. प्रत्येक वेळी डोळे मिटून ‘सीओपीडी’ म्हणणारा प्रोग्रामही तिथे ८६ टक्के बरोबर ठरेल! म्हणून ‘९५ टक्के अचूक’ असा दावा वाचला की तो कोणत्या रुग्णांवर तपासला, हे आधी विचारायला हवं.

कोविडकाळात हाच प्रश्न ऐरणीवर आला. खोकल्यावरून संसर्ग ओळखण्याचे दावे झाले. ब्रिटनमध्ये हजारो लोकांचे आवाज गोळा करून त्यांची कसून तपासणी झाली. वय, लिंग, लक्षणं सारखी असलेल्या माणसांची तुलना केल्यावर ती अचूकता बरीच ओसरली. नुसती लक्षणं विचारून जे कळत होतं, त्याहून फारसं जास्त आवाजातून कळत नव्हतं.